विटा-वाळूचा शीतकक्ष: शेतवस्तीवरच्या भाजीपाल्यासाठी उन्हाळी सल्ला

संध्याकाळी काढलेली कोथिंबीर परवाच्या आठवडी बाजारापर्यंत टिकणार नाही, या धास्तीनेच चैत्र-वैशाखात आपण ती दारात आलेल्या व्यापाऱ्याला मागेल त्या भावात देऊन टाकतो. शेतवस्तीवर वीज नसेल किंवा तिचा भरवसा नसेल, तर फ्रिजचा विचार सोडा आणि उन्हं तापायच्या आत विटांचा शीतकक्ष बांधून घ्या. दिल्लीच्या पुसा संस्थेने, म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्थेने, १९८० च्या दशकात तो तयार केला. तत्त्व आपल्या माठाचंच आहे. एक लिटर पाणी हवेत उडून जाताना साधारण दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता सोबत घेऊन जातं.

जागा उंचवट्याची, पाणी जवळ असलेली आणि वारा खेळणारी हवी. वर सावली पाहिजेच. कडुनिंबाखाली बांधलात तर उत्तम. जमिनीवर सुमारे १६५ बाय ११५ सेंटिमीटरचा विटांचा थर द्या. त्यावर दुहेरी भिंत साडेसदुसष्ट सेंटिमीटरपर्यंत उचला आणि दोन भिंतींमध्ये साडेसात सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं, मोकळी जागा ठेवा. त्या फटीत चाळून धुतलेली नदीची वाळू भरा. झाकणाला बांबूच्या चौकटीत तुराट्या बांधून वर ओलं गोणपाट टाका. यात साधारण १०० किलो माल राहतो.

विटा नुसत्या रचा, फार तर मातीत बसवा. मी पहिल्यांदा बांधला तेव्हा नीटनेटका दिसावा म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. भिंतीला हात लावला की कोरडी आणि गरम, आतली भाजीही तशीच. विटेची छिद्रं बुजली की पाणी उडणार कुठून? तो गिलावा फोडून काढावा लागला.

वाळू, भिंती आणि झाकण सकाळ-संध्याकाळ भिजवा. ठिबकची जुनी नळी वाळूवरून फिरवून उंचावरच्या ड्रमला जोडली तर बादल्या वाहाव्या लागत नाहीत. बाहेर ४२ अंश असताना आत २८-३० अंश मिळतात आणि दमटपणा भरपूर राहतो. खोलीत एका दिवसात मान टाकणारी भेंडी इथे पाच-सहा दिवस चालते, पालेभाजी दोन-तीन दिवस. माल पहाटे काढा, किडका-दुखावलेला बाजूला करा, ओला असेल तर निथळू द्या आणि जाळीच्या क्रेटमध्ये ठेवा. पिकती केळी, आंबे पालेभाजीसोबत ठेवू नका, पानं पिवळी पडतात. कांदा-लसूण तर आत नेऊच नका, कुजेल.

जनावरांच्या लसी यात ठेवू नका, हे कळकळीने सांगतो. त्यांना २ ते ८ अंश लागतात. इथे त्या वाया जातील आणि लस टोचूनही जनावर आजारी पडेल.

गारव्याला विंचू, साप येतात. झाकण उघडताना काठीने उचला, बॅटरीचा उजेड टाका, मगच हात घाला. लहान मुलांना भाजी काढायला पाठवू नका.

कोकण-गोव्याच्या दमट हवेत याचा फारसा उपयोग नाही. आपल्याकडेही मृगाचा पाऊस लागला की पाणी देणं थांबवा, क्रेट बाहेर काढा आणि कक्ष उघडा ठेवून सुकू द्या, नाहीतर आत बुरशी धरते.