कल्पनारम्य कादंबरीसाठी नाव कसे शोधावे

‘द हॉबिट’मधल्या जादूगाराचे गँडाल्फ हे नाव लेखक टोल्किनला जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘व्होलुस्पा’ या काव्यात सापडले. त्यात बुटक्यांच्या नावांची लांबच लांब यादी आहे. थोरिन, ड्वालिन, फिली, किली हेही तिथलेच. गँडाल्फ या नावाच्या पूर्वार्धात जादूची काठी, उत्तरार्धात एल्फ, म्हणजे नॉर्स कथांतला यक्षासारखा जीव. ‘द हॉबिट’च्या सुरुवातीच्या मसुद्यात ते बुटक्यांच्या म्होरक्याचे होते, जादूगाराला ते नंतर मिळाले. हे जमले, कारण यादीत नुसते नाव होते, त्यामागे गोष्ट नव्हती. कर्ण किंवा अश्वत्थामा घेतलात, तर त्यांची कथाही तुमच्या कादंबरीत शिरते.

मराठीत लिहिणाऱ्याने अशाच याद्या धुंडाळाव्यात. पुण्यात त्यासाठी लांब जावे लागत नाही. भांडारकर संस्थेने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून ठरवलेली, आवृत्ती घ्या आणि आदिपर्वातल्या आस्तीक आख्यानात नागांची नावे पाहा: आपूरण, कल्माष, पिंजरक, एलापत्र. शल्यपर्वात स्कंदाच्या मातृगणांची, म्हणजे त्याच्या सोबतच्या मातृदेवतांची, यादी आहे, त्यात पलिता, गोनसी अशी विलक्षण नावे भेटतात. तळटीपांतले पाठभेद वगळू नका. संपादकांनी बाजूला ठेवलेले रूप कादंबरीला अनेकदा जास्त शोभते. मग चित्रावशास्त्रींच्या प्राचीन चरित्रकोशात ते नाव काढा. नोंद एक-दोन ओळींची असेल तर नाव मोकळे आहे. पानभर असेल तर सोडून द्या. यादवकालीन वळण हवे असेल तर लीळाचरित्र वाचा. महदाइसा, आबाइसा यांतला ‘-आइसा’ स्त्रीपात्राला लगेच काळ देतो.

आता खरी परीक्षा, विभक्तीची. नाव चालवून पाहा: ने, ला, चा, हाक. ‘च’ने संपणाऱ्या नावाला ‘चा’ लागला की जीभ अडखळते, ‘ल’पुढे ‘ला’ आला की तेच. घडवलेले पुरुषी नाव आकारान्त असेल तर मोठी अडचण: ‘कोरटा’चे ‘कोरटाला’ की ‘कोरट्याला’? पहिल्याच प्रकरणात एक रूप ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा, नाहीतर वाचकाला ती दोन माणसे वाटतील. च, ज, झ यांचे मराठीत दोन उच्चार होतात. अनोळखी नावात वाचक कोणता करील याचा भरवसा नसतो, म्हणून त्यांच्यापुढे इ, ई किंवा य ठेवावा. मग उच्चार तालव्यच होतो, ‘चिमणी’तल्या ‘च’सारखा.

अर्थाची सावलीही तपासा. पिंजरक वाचताना पिंजरा आठवतो, ते कैद्याला छान, राजाला नाही. गोनसीत मराठी कानाला घोणस ऐकू येते, विषकन्येसाठी याहून चांगले काय हवे? पण वेताळ, म्हसोबा ही नावे खलनायकाला देऊ नयेत. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर आजही वेताळाला नारळ फुटतो. ज्यांचा तो देव आहे, तेही तुमचे वाचक आहेत.

शेवटी सगळी मुख्य नावे एका कागदावर लिहा. एकाच अक्षराने सुरू होणारी दोन असतील, तर कमी महत्त्वाचे बदला.