ड्रमच्या स्मोकरमधलं मटण कडू लागत होतं, ते असं जमलं

200 लिटरच्या ड्रमचा स्मोकर (लाकडाच्या धुरावर मंद आचेत मटण शिजवायची भट्टी) बनवून घेतला, हिवाळ्यात अंगणात लावला (मे महिन्यात नागपुरात ड्रम न पेटवताच तापते), पण टेम्परेचर 160 अंश सेल्सिअसच्या खाली येईच ना अन् मटण कडू जहर. वेल्डरनं खाली हवेसाठी भोकं पाडली पण झाकणी दिलीच नव्हती, मग पत्र्याच्या सरकत्या चकत्या लावल्या, आता 110-120 वर आरामात टिकते. कडूपणा टालवाल्याच्या ओल्या बाभळीचा होता, पांढरा दाट धूर दिसला की समजायचं, वाळलेलं लाकूड घाला, वरची चिमणी पूर्ण उघडी ठेवा, धूर पातळ निळसर झाला की मगच मटण आत. अन् ड्रम गॅल्व्हनाइज्ड नको बाप्पा, तापला की जस्ताचा धूर सोडते, आतला रंगही आधी जाळून टाका. सावजी मसाला वरून चोळला होता, झकास लागला.