नेम ठरवायचा तो सगळ्यात वाईट दिवसाच्या हिशोबाने

जप, ध्यान, नमाज, वाचन, प्रार्थना, तुमचं जे काही असेल ते, नोकरी आणि घर सांभाळून रोज कसं करायचं यावर बोलणं निघालं की बहुतेकांचं एकच वाक्य असतं, "आधी छान चाललं होतं हो, मग सुटलं." माझंही तीनदा सुटलंय. आणि तीनही वेळा कारण तेच होतं, नेम ठरवला होता सुट्टीच्या दिवशी. झोप झालेली, घरात शांतता, मन प्रसन्न, आणि त्या भरात ठरवून टाकलं की उद्यापासून रोज पहाटे अकरा माळा, वर अर्धा तास ध्यान. चार दिवस होतं पण. पाचव्या दिवशी मुलाला ताप येतो किंवा ऑफिसात काहीतरी पेटतं, एक दिवस बुडतो, मग वाटतं आता मोडलंच आहे तर सोमवारपासून बघू, आणि तो सोमवार काही येत नाही.

म्हणून सगळ्यात आधी एक करा. मागच्या महिन्यातला तुमचा सगळ्यात वाईट दिवस आठवा, अगदी तारखेसकट. रात्रभर झोप नाही, डोकं दुखतंय, कोणीतरी आजारी, घरी यायला उशीर. त्या दिवशी तुम्ही काय करू शकला असता? दहा मिनिटं बसू शकला असता? पाच? फक्त झोपायच्या आधी हात जोडून एक श्लोक? जे उत्तर येईल तेवढाच तुमचा नेम. बाकी जे कराल ते जास्तीचं, झालं तर आनंद, नाही झालं तर नेम मोडला असं म्हणायचं नाही.

हे ऐकून लोकांना कमीपणा वाटतो, मला कळतं ते. पण जरा आकडेमोड करून बघा. माळेत १०८ मणी, एका मण्याला ४ सेकंद धरले तर एक माळ सव्वासात मिनिटांत होते. अकरा माळा म्हणजे जवळजवळ एक तास वीस मिनिटं, रोज. जैनांचं एक सामायिक, म्हणजे समभावात स्थिर बसायचं व्रत, एका मुहूर्ताचं, म्हणजे ४८ मिनिटांचं असतं. विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलं की सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगतात. हे सगळं उत्तमच आहे, पण तो वेळ तुमच्या दिवसात कुठून येणार ते कागदावर लिहिल्याशिवाय संकल्प करू नका, कारण तो वेळ नेहमी कोणाच्या तरी वाट्यातून येतो, तुमच्या झोपेच्या नाहीतर घरच्यांच्या.

झोपेचं आधी बोलू. ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयाआधी ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंतचा काळ. सूर्य साडेसहाला उगवत असेल तर ४:५४ ते ५:४२. पावणेपाचला उठायचं आणि सात तास झोप हवी तर पावणेदहाला झोप लागलेली पाहिजे, नुसतं आडवं होऊन चालणार नाही. तुमच्या घरात ते जमत असेल तर जरूर करा, त्या वेळेची शांतता खरंच वेगळी असते. जमत नसेल तर पाच तास झोपून पहाटे माळ हातात घेऊन पेंगण्यापेक्षा रात्री नऊला ताजेपणाने बसलेलं बरं. शिफ्टवाल्यांनी तर घड्याळाची वेळ धरूच नये. त्यांनी प्रसंग धरावा, आंघोळ झाली की, ड्युटीवरून येऊन कपडे बदलले की.

खरं तर सगळ्यांनीच प्रसंग धरावा. लंडनमध्ये २००९ साली सवयींवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, ९६ लोकांनी रोज ठरलेल्या प्रसंगाला जोडून एक छोटी गोष्ट करायची, जसं नाश्त्यानंतर अमुक. ती आपोआप व्हायला लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण कोणाला १८ दिवस लागले तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज आला. आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडला नाही. तेव्हा महिनाभरात अंगवळणी पडलं नाही म्हणून "माझ्यात श्रद्धाच कमी" असा निष्कर्ष काढू नका, आणि एक दिवस गेला म्हणून सगळं सोडूही नका.

आता घरच्यांच्या वाट्याचं, याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

एकदा सकाळी मी जपाला बसलो होतो, माळ अर्धीअधिक झालेली. मुलगी दारात येऊन उभी राहिली, एका पायात बूट, दुसरा हातात, त्याच्या नाडीला गच्च गाठ बसलेली. काही बोलली नाही, कारण मीच तिला सांगून ठेवलं होतं की बाबा बसले की बोलायचं नाही. मी तिला बघितलं आणि डोळे मिटून घेतले. माळ पूर्ण झाली, बस गेली, आणि ती जिन्यात बसून नखांनी ती गाठ सोडवत होती. आजही ते डोळ्यांसमोर आलं की पोटात तुटतं.

त्या दिवसापासून माझ्या माळेत लाल दोऱ्याचा एक छोटा तुकडा अडकवलेला असतो. कोणी आलं, हाक आली, की ज्या मण्यावर आहे तिथे तो दोरा बांधायचा, उठायचं, नाडी सोडवायची, परत येऊन तिथूनच पुढे. हे तुम्हीही करा. वाचत असाल तर पानात खूण घाला, ध्यानात असाल तर परत आल्यावर तीन श्वास मोजून सुरू करा. उठल्याने काही बाटत नाही. गोरोबाकाकांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीये, चिखल तुडवताना नामात असे रंगले की रांगतं मूल पायाखाली आलेलं कळलंच नाही. ती तल्लीनतेची गोष्ट म्हणून सांगतात, मला मात्र त्यात त्या आईचा आक्रोश आधी ऐकू येतो. आणि त्याच परंपरेत मळ्यात काम करता करता विठ्ठल बघणारे सावतामाळी आहेत, दळताना गाणारी जनाबाई आहे, म्हणजे हातातलं काम न सोडण्याचा रस्ताही आपल्याकडे पहिल्यापासून आहेच.

तो रस्ता धरायचा असेल तर एकच काम निवडा, ज्यात हात गुंततात पण डोकं मोकळं असतं. भांडी घासणं, कपडे वाळत घालणं, जिना चढणं. त्या कामाला नाम जोडा, किंवा नुसतं श्वासाकडे लक्ष. सगळ्या कामांना जोडायला जाऊ नका, त्याने काहीच होत नाही. गाडी चालवताना मन आत वळवू नका, तिथे लक्ष रस्त्यावरच हवं. आणि कोणी मनातलं सांगत असेल तेव्हाही जप नको, समोरच्याला लगेच कळतं की हा ऐकत नाहीये.

कामाच्या ठिकाणचं सोपं आहे, आधी सांगून टाका. पाच नमाजांच्या वेळा सूर्यावर ठरतात त्यामुळे वर्षभर सरकत राहतात, आणि जोहर-असर, म्हणजे दुपारची आणि दुपार उलटल्यावरची, बहुतेकांच्या ड्युटीतच येतात. साहेबांना रोज नव्याने विचारण्यापेक्षा एकदाच नीट सांगा की दहा मिनिटं लागतात, अमुक ते अमुक या वेळेत लागतात, आणि काम मागे राहणार नाही. मिनिटांचा आकडा सांगितला की समोरचा माणूस निवांत होतो असा माझा अनुभव आहे.

धर्मांनी स्वतःच दिलेल्या सवलती नाकारू नका. लांबच्या प्रवासात चार रकातींची (रकात म्हणजे नमाजातलं एक आवर्तन) फर्ज, म्हणजे बंधनकारक, नमाज दोन रकातींची होते. रमजानच्या रोज्यातून आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट आहे, ते रोजे नंतर धरता येतात. ज्यूंच्या शब्बाथला, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवशी, काम बंद, पण जीव वाचवायचा असेल तर नियम बाजूला ठेवायचा असं त्यांचं शास्त्रच सांगतं. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर कुठलाही उपास धरण्याआधी डॉक्टरांशी बोला, शुगर एकदम खाली जाणं जिवावर बेततं.

जोडीदाराचा विश्वास नसेल तर ओढू नका, पहाटेचा अलार्म उशीखाली ठेवा, घंटा हळू वाजवा, उदबत्तीच्या धुराने कोणाला खोकला येत असेल तर लावू नका. बसताना फोन दुसऱ्या खोलीत, आणि जप मोजायला ॲप लागतंच असेल तर फ्लाइट मोडवर.

बुडलेल्या दिवसाची थकबाकी काढू नका. काल माळ राहिली म्हणून आज दोन, असं केलं की आठवड्यात सात माळांचं ओझं होतं आणि माणूस माळ बघितली तरी तोंड फिरवतो. ज्यांच्या धर्मात राहिलेली प्रार्थना भरून काढायचा नियमच आहे त्यांनी तो पाळावा, पण स्वतःहून असा दंड लावू नये.

दोन महिन्यांनी घरच्यांना विचारा, मी हे करायला लागल्यापासून माझ्यासोबत राहणं सोपं झालंय की अवघड? आणि जे उत्तर येईल ते ऐकून घ्या, वाद नको. अवघड म्हणाले तर वेळ बदला किंवा कमी करा. सोपं म्हणाले, आणि मधला एखादा वाईट आठवडाही नेम न मोडता गेला असेल, तर मग एकच गोष्ट वाढवा, एक माळ किंवा पाच मिनिटं, आणि वाढवायच्या आधी घरात वेळेसकट सांगा.