डीएनएस स्वतःच्या सर्व्हरवर आणताय? या चुका टाळा

डीएनएस म्हणजे डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा. रजिस्ट्रारकडे (जिथून डोमेन घेतलं ती कंपनी) नेमसर्व्हरची (हे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरची) नावं बदलली की काम संपलं, असं समजून पुष्कळ जण त्याच दिवशी जुन्या प्रोव्हायडरचं खातं बंद करतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कॉम डोमेनसाठी रजिस्ट्रीच्या (सगळ्या कॉम नावांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) सर्व्हरवर एनएस रेकॉर्डचा (नेमसर्व्हर कोणते, हे सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवायची मुदत, १,७२,८०० सेकंद, म्हणजे पूर्ण दोन दिवस असतो. तो तुमच्या हातात नाही. तोवर काही रिझॉल्व्हर (वापरणाऱ्यांच्या वतीने पत्ते शोधणारे सर्व्हर) जुन्या सर्व्हरलाच विचारत राहतात. तिथे झोन (डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डची यादी) सापडला नाही की साइट कुणाला दिसते, कुणाला दिसत नाही. जुना झोन किमान चार दिवस चालू ठेवा आणि त्या काळात एखादा रेकॉर्ड बदलावा लागला, तर दोन्हीकडे बदला.

झोनमधले टीटीएल मात्र आधी ३०० वर आणा. ऐन वेळी कमी करून उपयोग नाही: जुना टीटीएल ८६,४०० असेल, तर निदान एक दिवस आधी.

‘ऑफिसात चालतंय, पण मोबाइलवर नाही’ अशी तक्रार आली, तर पहिला संशय डीएनएससेकवर (डीएनएसची उत्तरं खरी आहेत हे डिजिटल सहीने पटवणाऱ्या व्यवस्थेवर) घ्या. होतं असं: रजिस्ट्रीत जुना डीएस रेकॉर्ड (सहीच्या किल्लीची ओळख) आहे आणि नवे सर्व्हर झोनवर सहीच करत नाहीत, किंवा वेगळ्या किल्लीने करतात. मग सह्या तपासणारे रिझॉल्व्हर सर्व्हफेल (उत्तराऐवजी त्रुटी) देतात, न तपासणारे बिनदिक्कत उत्तर देतात. डिगला (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) सीडी फ्लॅग, म्हणजे ‘सही तपासू नको’ ही खूण, लावून विचारा. आता उत्तर आलं, तर दोष सहीचाच. क्रम असा ठेवा: आधी रजिस्ट्रारकडून डीएस काढा, त्याचा टीटीएल संपू द्या (कॉमसाठी एक दिवस), मगच नेमसर्व्हर बदला. नवी सही सगळं स्थिरावल्यावर.

रेकॉर्ड उतरवताना सहसा डीकेआयएम (मेलवरची सही तपासायची किल्ली असलेला रेकॉर्ड) निसटतो, कारण सिलेक्टरचं (त्या किल्लीला दिलेलं) नाव माहीत नसेल तर तो बाहेरून शोधता येत नाही. झोन ट्रान्सफर (सर्व्हरकडून थेट अख्खा झोन) मिळत नसेल, तर प्रोव्हायडरच्या पॅनेलमधून एक्स्पोर्ट घ्या; अंदाजाने यादी करू नका. डीकेआयएमची २०४८ बिटांची किल्ली एका स्ट्रिंगच्या २५५ अक्षरांच्या मर्यादेत बसत नाही. बाइंडमध्ये (नेमसर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) ती दोन अवतरणांत तोडून लिहावी लागते.

आणि तो शेवटचा टिंब! एमएक्सपुढे (मेल कुठे पाठवायचा हे सांगणारा रेकॉर्ड) शेवटी टिंब न देता ‘मेल.उदाहरण.कॉम’ एवढंच लिहिलं, तर बाइंड त्याचं ‘मेल.उदाहरण.कॉम.उदाहरण.कॉम’ करतो. नेम्ड-चेकझोन (बाइंडबरोबर येणारी झोन तपासायची कमांड) अशी चूक दरवेळी पकडेलच असं नाही, म्हणून डिगने दोन्ही सर्व्हरना प्रत्येक रेकॉर्ड विचारून उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाहा.

नेमसर्व्हरचं नाव त्याच डोमेनमधलं असेल, तर रजिस्ट्रारकडे त्याचा आयपीही नोंदवावा लागतो, म्हणजेच ग्लू. तो नसेल, तर सर्व्हरचा पत्ता विचारायला त्याच सर्व्हरकडे जावं लागतं आणि गाडी तिथेच अडते.

फायरवॉलमध्ये डीएनएसचा ५३ पोर्ट यूडीपी आणि टीसीपी, डेटा पाठवायच्या या दोन्ही पद्धतींसाठी उघडा. मोठी उत्तरं टीसीपीवरून जातात. नुसत्या यूडीपीवर लहान रेकॉर्ड चालतात, म्हणून ही चूक लवकर लक्षात येत नाही. बाहेरच्यांसाठी रिकर्शन (इतर डोमेनचे पत्तेही शोधून देणं) बंदच हवं, नाहीतर तुमचा सर्व्हर दुसऱ्यांवर हल्ला करायला वापरला जाईल.

दोन्ही नेमसर्व्हर एकाच रॅकमध्ये, एकाच लाइनवर ठेवू नका. लाइन तुटली की वेबसाइटबरोबर बाहेर क्लाउडवर असलेला मेलही बंद पडतो, कारण त्याचा पत्ता सांगणारं कुणी उरत नाही. दुसरा सर्व्हर वेगळ्या नेटवर्कवर ठेवा. मुख्य सर्व्हरवर बदल केल्यावर एसओएमधला (झोनच्या सुरुवातीचा रेकॉर्ड) सीरियल, म्हणजे आवृत्तीचा क्रमांक, वाढवायला विसरलात, तर तो दुसरा जुनीच उत्तरं देत राहील.