कडेच्या ओळी: एनईएससाठी गेम लिहिताना टीव्हीच्या कडा कशा सांभाळायच्या

साताऱ्यात बाबांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. सेट दुरुस्त झाला, की शेवटी ते मागचा हाइटचा प्रीसेट (चित्राची उंची ठरवणारी खुंटी) स्क्रू ड्रायव्हरने किंचित फिरवायचे आणि चित्र चौकटीबाहेर बोटभर सांडेल असं ठेवायचे. मी विचारलं तर म्हणाले, "संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की चित्र आकसतं. कडेला काळी पट्टी दिसली, की गिऱ्हाईक सेट घेऊन परत दारात." ते बाहेर सांडणारं चित्र म्हणजेच ओव्हरस्कॅन. कारखान्यातूनही टीव्ही असेच यायचे, कारण पार्ट जुने झाले किंवा व्होल्टेज हललं तरी पडदा भरलेला दिसायला हवा.

ही गोष्ट मी पूर्ण विसरले होते. एनईएससाठी, म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या 8-बिट गेम कन्सोलसाठी, पहिला गेम लिहिला, एम्युलेटरवर (संगणकात कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) तो झकास चालला. फ्लॅश कार्ट्रिजमधून (आपला गेम भरता येतो अशा कॅसेटमधून) एनटीएससी, म्हणजे अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीच्या, कन्सोलवर घेतला आणि 21 इंची ट्यूबच्या टीव्हीवर लावला, तर स्कोअर गायब! मी तो सगळ्यात वरच्या ओळीत छापला होता.

एनईएसचं चित्र 256 बाय 240 पिक्सेलचं असतं. 8 बाय 8 पिक्सेलच्या टाइल (चित्राचे चौकोनी तुकडे) धरल्या तर 32 स्तंभ आणि 30 ओळी. एनटीएससी टीव्हीवर वरच्या 8 आणि खालच्या 8 पिक्सेल-रेषा साधारणपणे चौकटीआड जातात, म्हणून 224 रेषाच दिसतात असं धरून चालायचं. पण हा झाला सरासरी हिशेब. प्रत्येक सेट वेगळं कापतो, आणि बरेचदा वर एक आणि खाली दुसरंच.

मजकुरासाठी टीव्हीवाल्यांचा जुना नियम आहे: मधला 80 टक्के भाग सुरक्षित. तो इथे बसवताना लोक 256 चे 80 टक्के काढतात आणि बिचाऱ्या स्कोअरला उगाच चेपून टाकतात. एनटीएससी रेषेची दिसणारी रुंदी आपल्या पिक्सेलच्या मापात साधारण 280 आहे. 256 च्या दोन्ही बाजूंना कन्सोल पार्श्वभूमीच्या रंगाची थोडी पट्टी स्वतःच काढतो. 280 चे 80 टक्के 224 आणि 240 चे 192. म्हणजे डावी-उजवीकडे 16 पिक्सेल, वर-खाली 24 पिक्सेल सोडायचे. टाइलच्या भाषेत स्तंभ 2 ते 29 आणि ओळी 3 ते 26, मोजणी शून्यापासून. जीव, स्कोअर, वेळ, संवाद असं वाचायचं ते सगळं या चौकटीत ठेवा.

आता स्कोअरपट्टी. पहिल्या चार ओळी, म्हणजे वरचे 32 पिक्सेल, तिला देऊन टाका आणि अक्षरं ओळ 3 मध्ये छापा. चारच का? अॅट्रिब्यूट टेबलचा, म्हणजे कुठल्या भागाला कुठले रंग ते सांगणाऱ्या तक्त्याचा, एक बाइट 32 बाय 32 पिक्सेलचे रंग ठरवतो. पट्टी 32 वर संपली की पहिले आठ बाइट पट्टीचे, बाकीचे खेळाचे, आणि रंगांची सरमिसळ होत नाही. माझी पट्टी आधी 40 पिक्सेलची होती. तिच्या तळाशी आभाळाचा निळा रंग अक्षरांच्या पॅलेटमध्ये (रंगसंचात) घुसायचा, आणि तो शोधण्यात दोन रात्री गेल्या.

1985 चा सुपर मारिओ ब्रदर्स लावून बघा. वरची पट्टी 32 पिक्सेलचीच आहे. 'मारिओ' हे नाव ओळ 2, स्तंभ 3 पासून सुरू होतं आणि आकडे ओळ 3 मध्ये. वर दोन ओळी नुसतं आभाळ. खालची बाजू तर मला फार आवडते: जमीन दोन ठोकळे जाड, रेषा 208 ते 239. मारिओचे पाय 208 वर टेकतात, म्हणजे टीव्हीने खालून 8 रेषा कापल्या काय किंवा 20 कापल्या काय, विटाच जातात. कडेला नेमकं असंच काहीतरी हवं: कापलं गेलं तर कुणाचं अडू नये, दिसलं तर कुणाला खुपू नये.

दुसरी अट आपल्याकडे जास्त महत्त्वाची, कारण भारतातले ट्यूबचे टीव्ही एनटीएससीचे नव्हे, पाल या दुसऱ्या पद्धतीचे, 50 हर्ट्झचे. पालमध्ये रेषा जास्त असल्यामुळे कन्सोलच्या 240 रेषा बहुधा सगळ्या दिसतात, वर-खाली काळी जागाही उरते. नव्वदच्या दशकात आमच्या घरी जो एनईएसचा क्लोन (नकली) कन्सोल होता, त्यावर काही गेममध्ये कडेला रंगांचे तुकडे फडफडायचे. आम्हाला वाटायचं, कॅसेट खराब आहे. खरं तर स्क्रोल होताना नवीन टाइल कडेला भरल्या जातात आणि त्यांचे रंग क्षणभर चुकतात. एनटीएससी टीव्हीवर त्यातलं पुष्कळसं चौकटीआड जायचं. आमच्याकडे ते उघड्यावर पडायचं. म्हणून खेळ वर-खाली सरकणार असेल तर आडवं मिररिंग घ्या. त्यात नेमटेबल, म्हणजे कुठे कुठली टाइल ते सांगणारे पडदाभर तक्ते, एकाखाली एक येतात, आणि नवीन ओळ पडद्याच्या बऱ्याच बाहेर भरता येते.

डाव्या कडेचं काम एका बाइटचं. कन्सोलच्या चित्र काढणाऱ्या चिपच्या $2001 या रजिस्टरमध्ये %00011110 ऐवजी %00011000 लिहा. डावीकडचे 8 पिक्सेल झाकले जातात. स्प्राइटचा, म्हणजे पडद्यावर हलणाऱ्या चित्राचा, आडव्या जागेचा आकडा शून्याखाली जात नाही, त्यामुळे एरवी शत्रू डावीकडून एकदम टपकतो. झाकल्यावर तो सरकत आत येतो. झाकलेल्या जागी पार्श्वभूमीचा रंग दिसतो, तेवढा दृश्याला साजेसा निवडा. नको असलेले स्प्राइट मात्र कडेला लपवू नका. त्यांचा उभ्या जागेचा आकडा 240 किंवा जास्त ठेवा, म्हणजे ते कुठल्याच टीव्हीवर दिसणार नाहीत.

हे सगळं तपासायला आधी एक चाचणीपट बनवा. प्रत्येक ओळीच्या आणि स्तंभाच्या दोन्ही टोकांना तिचा क्रमांक छापायचा, बस्स. एम्युलेटरमध्ये कडा कापण्याची सेटिंग एकदा शून्यावर ठेवून बघा, एकदा वर-खाली 8 ठेवून. मग खरा टीव्ही. माझ्या 21 इंचीवर ओळ 0 अजिबात नाही, ओळ 1 चा खालचा निम्मा भाग दिसतो, उजवीकडे स्तंभ 31 गेलेला. बाबांच्या टेबलावरच्या 14 इंची सेटवर ओळ 1 पूर्ण दिसते, पण खालच्या दोन्ही ओळी गेल्या. दोन्हींचे आकडे मी वहीत लिहून ठेवलेत.

चाचणीपटात आणखी एक करा: ए बटण दाबलं की सगळा पडदा पांढरा व्हावा, अक्षरं काळी. जुन्या सेटमध्ये उजेड एकदम वाढला की ट्यूबचं हाय व्होल्टेज थोडं बसतं आणि चित्र फुगतं. बाबांच्या सेटवर बटण दाबलं, की स्तंभ 30 चा आकडा चौकटीच्या पत्र्याखाली सरकतो आणि सोडलं की परत बाहेर येतो. तुमच्या गेममध्ये स्फोटाच्या वेळी पडदा पांढरा होत असेल, तर त्या क्षणी जीवांचा आकडा कुठे असतो ते एकदा पाहून घ्या.