एन्टर दाबायच्या आधी: शेल शिकताना या चुका टाळा

शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, रिसायकल बिन नसतो. शनिवार-रविवारच्या बॅचला पहिल्याच तासाला मी हे फळ्यावर लिहितो आणि तास संपेपर्यंत पुसत नाही. तरी चार आठवडे उलटले की कोणीतरी येऊन विचारतंच, "सर, डिलीट झालेलं परत कुठून आणायचं?" कुठूनही नाही.

वर्ग नारायण पेठेत, एका जुन्या वाड्याच्या माडीवर भरतात. येणारे सगळ्या तऱ्हेचे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं, हिंजवडीत सपोर्टची नोकरी लागलेले, आणि हल्ली जीवशास्त्रवालेसुद्धा. आयसर या विज्ञान संस्थेतल्या 'परम ब्रह्म'सारख्या महासंगणकावर काम करायचं तर एसएसएचने (दूरच्या मशिनला जोडणाऱ्या प्रोग्रामने) लॉगिन करून काळ्या खिडकीतच, म्हणजे टर्मिनलमध्ये, बसावं लागतं. माणसं वेगळी, चुका त्याच. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदा लिहून काढतोय. कमांड आपण तोंडी म्हणतो तशा लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या स्मॉल अक्षरांत टाका, मी मुद्दाम कॅपिटल म्हटलंय तेवढं सोडून. कॅपिटलमध्ये टाकून "कमांड नॉट फाउंड" आलं म्हणून मला फोन करू नका.

स्टारनंतरची स्पेस

माझ्याकडे शिकून गेलेला एक मुलगा एका छोट्या कंपनीत लागला. सर्व्हरची डिस्क भरत आली होती. साहेब म्हणाले, त्या फोल्डरमधल्या लॉग फाइल्स (प्रोग्रामनी लिहिलेल्या नोंदी) उडव. त्याला टाइप करायचं होतं आरएम *.लॉग, म्हणजे नावाच्या शेवटी .लॉग असलेल्या सगळ्या फाइल्स उडव. घाईत स्टार आणि टिंबाच्या मध्ये स्पेस पडली, म्हणजे झालं आरएम * .लॉग. शेलसाठी ही दोन वेगळी नावं. पहिलं नुसतं *, म्हणजे फोल्डरमध्ये असेल-नसेल ते सगळं. दुसरं '.लॉग' नावाची फाइल, जी तिथे नव्हतीच.

इथे एक गोष्ट नीट डोक्यात बसवा. * चा अर्थ आरएम लावत नाही, शेल लावतो. फोल्डरमधल्या नावांची यादी शेल आधीच तयार करतो आणि ती आरएमच्या हातात देतो. तुम्ही एकेक नाव विचारपूर्वक टाइप केलं की नुसता स्टार मारला, हे आरएमला कळायला मार्गच नाही.

स्क्रीनवर एकच ओळ उमटली: 'कॅनॉट रिमूव्ह .लॉग: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. पोराने त्यातलं 'नो सच फाइल' तेवढं वाचलं आणि समजला की काहीच उडालं नाही. वरचा बाण दाबून तीच कमांड परत मारली. या वेळी दोन ओळी आल्या. खालची आधीचीच, पण वर नवी: 'कॅनॉट रिमूव्ह *: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. स्टारला जुळेल असं फोल्डरमध्ये काही उरलंच नव्हतं, म्हणून बॅशने (तिथल्या शेलचं हे नाव) तो स्टार जसाच्या तसा पुढे ढकलला होता. ही ओळ कधी दिसली तर हात कीबोर्डवरून काढून घ्या.

त्या फोल्डरमध्ये लॉगच्या शेजारी गिऱ्हाइकांच्या बिलांच्या फाइल्स होत्या. गेल्या. आणि गंमत अशी की डिस्क किती भरली ते दाखवणारं डीएफ मायनस एच करून पाहिलं तर डिस्क जवळपास तेवढीच भरलेली! सगळ्यात लठ्ठ लॉग फाइल एका चालू प्रोग्रामने उघडून धरली होती. आरएम फक्त नाव काढतं. प्रोग्राम फाइल सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही. (चालू लॉगची जागा सोडवायची तर फाइल उडवायची नसते, रिकामी करायची असते. पण ते शिकवलं त्या दिवशी साहेबजादे गैरहजर होते.)

एवढं होऊनही सगळं वाचलं असतं, कारण रोज रात्री आरसिंक सगळ्याची दुसऱ्या मशिनवर कॉपी घेत होतं. पोरगा घाबरला आणि संध्याकाळी कोणाला काही न बोलता घरी गेला. त्या आरसिंकला मायनस मायनस डिलीट लावलेलं होतं, म्हणजे इकडे जे नाही ते तिकडूनही काढायचं. रात्री त्याने इमानेइतबारे तिकडचंही साफ केलं. पुढे कित्येक दिवस ऑफिसातली माणसं मेलच्या अटॅचमेंट धुंडाळत बिलं गोळा करत होती. स्पेस कोणाच्याही हातून पडते, त्याबद्दल मी त्याला काही बोललो नाही. गप्प घरी गेला त्याबद्दल भरपूर बोललो. आणि जी कॉपी मूळ प्रतीबरोबरच पुसली जाते तिला बॅकअप म्हणणाऱ्या त्याच्या साहेबांनाही बोललो असतो, पण ते फोनवर आले नाहीत.

माझी सवय सांगतो. आरएम मी थेट कधीच टाइप करत नाही. आधी तोच पॅटर्न एलएसला (फाइल्सची नुसती यादी दाखवणाऱ्या कमांडला) देतो. यादी वाचतो, म्हणजे खरंच वाचतो. मग वरचा बाण, कंट्रोल-ए ने ओळीच्या सुरुवातीला, आणि एलएस खोडून तिथे आरएम. पॅटर्नला परत हात लावायचा नाही, म्हणजे नवीन स्पेस पडायचा प्रश्नच येत नाही. सर्व्हरवर रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून असलो तर ओळीच्या सुरुवातीला आधी # टाकतो. मध्येच चुकून एन्टर दाबलं गेलं तर बॅश ती ओळ शेरा समजून सोडून देतो.

बरेच जण सांगतात की आरएमला मायनस आयचं एलियस करून टाका, म्हणजे आरएम टाकलं की आपोआप आरएम मायनस आय चालेल आणि प्रत्येक फाइलला विचारेल. मला हा उपाय अजिबात आवडत नाही. दहा वेळा वाय-वाय दाबलं की अकराव्या वेळी माणूस प्रश्न वाचत नाही. शिवाय सवय लागते ती तुमच्या लॅपटॉपची. मॅकवर २०१९ पासून झेडशेल येतो, तो आरएम * वर आपणहून थांबून विचारतो. त्याच भरवशावर बॅश असलेल्या सर्व्हरवर गेलात की तिथे कोणी विचारत नाही. एलियस करायचंच असेल तर कॅपिटल आय वापरा. तीनपेक्षा जास्त फाइल्स असतील तर तो एकदाच विचारतो, आणि एकदाच विचारलेला प्रश्न माणूस वाचतो.

> म्हणजे आधी पुसणे, मग लिहिणे

दुसरी लाडकी चूक. नावांची यादी आहे, ती क्रमाने लावायची आहे. पोरं लिहितात: सॉर्ट यादी > यादी. एन्टर. मग कॅट करून पाहतात तर फाइल रिकामी. मग सॉर्टला शिव्या.

सॉर्टचा काही दोष नाही. > दिसताच शेल आधी उजवीकडची फाइल लिहिण्यासाठी उघडतो, आणि उघडतानाच तिची लांबी शून्य करतो. त्यानंतर सॉर्ट सुरू होतो. ज्या पातेल्यातलं दूध आटवायचं तेच आधी घासून पालथं घातल्यासारखं आहे हे. सॉर्ट इमानदारीत शून्य ओळी वाचतो, क्रमाने लावतो आणि लिहितो. मजकूर चाळणाऱ्या ग्रेप, सेड, ऑक या कमांड, कोणाचंही असंच होईल, कारण हे घडतं ते त्यांच्या जन्माच्या आधी.

सॉर्टपुरता उपाय मायनस ओ. तो सगळं वाचून झाल्यावर लिहितो, त्यामुळे तेच नाव दिलं तरी चालतं. बाकीच्यांसाठी नव्या नावाची फाइल करा, उघडून पाहा, मगच एमव्हीने (फाइल हलवणाऱ्या कमांडने) जुन्यावर टाका. 'एवढ्यासाठी दोन ओळी?' असं विचारणारे प्रत्येक बॅचला निघतात. हो, दोन ओळी.

आणि >> च्या जागी > पडणं हे याचंच भावंड. महिनाभर जमवलेल्या नोंदींच्या खाली आजची एक ओळ जोडायला जावं आणि आजची एकच ओळ उरावी. शिकाऊ माणसाने बॅशच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'सेट मायनस ओ नोक्लॉबर' टाकून ठेवावं. मग असलेल्या फाइलवर > मारलं की शेल नकार देतो, आणि खरंच पुसायचं असेल तर >| लिहावं लागतं. हा एक आळशी उपाय मला मान्य आहे, कारण तो मध्ये मध्ये प्रश्न विचारत बसत नाही, सरळ नाही म्हणतो.

सीडी फसली, पुढची कमांड नाही फसली

स्क्रिप्टमध्ये (फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या कमांडमध्ये) हे हमखास सापडतं: एका ओळीत अमुक फोल्डरमध्ये सीडी, म्हणजे तिथे जा, पुढच्या ओळीत आरएम मायनस आरएफ *, म्हणजे न विचारता सगळं उडव. फोल्डरचं नाव चुकलं तर सीडी एरर देऊन बाजूला होते, आणि शेल पुढची ओळ चालवतो. कुठे? तुम्ही होता तिथेच. दोन्हींच्या मध्ये && लावा, म्हणजे पहिली जमली तरच दुसरी चालेल.

रिकामं व्हेरिएबल (ज्या नावात काही साठवायचं, पण साठवलंच गेलं नाही) हा त्याहून वाईट प्रकार. २०१५ च्या जानेवारीत लिनक्सवरच्या स्टीम या गेमिंग प्रोग्रामच्या स्क्रिप्टमध्ये हेच उघडकीला आलं. आरएम मायनस आरएफच्या पुढे फोल्डरचं व्हेरिएबल, त्यापुढे /*. फोल्डर हलवल्यावर व्हेरिएबल रिकामं राहिलं, उरलं नुसतं /*, आणि लोकांच्या स्वतःच्या फाइल्स उडाल्या. आजच्या लिनक्समधलं आरएम नुसत्या / वर चालायला नकार देतं हे खरं. पण /* ची यादी शेलने आधीच पसरून दिलेली असते, तिथे ते संरक्षण लागू पडत नाही. व्हेरिएबलचं नाव महिरपी कंसात घालून कंसाच्या आतच त्यापुढे :? लावलं की रिकाम्या व्हेरिएबलवर स्क्रिप्ट तिथल्या तिथे थांबते. नोकरी करणाऱ्यांनीही हे शिकायला हरकत नाही.

आता बाकीच्या, पटापट.

टर्मिनल गोठलं, काही टाइप होत नाही. तुम्ही कंट्रोल-एस दाबलंय, वर्डमध्ये सेव्ह करायची सवय. कंट्रोल-क्यू दाबा, सुटेल. खिडकी बंद करून नवी उघडणाऱ्यांना मी काही बोलत नाही, फक्त बघतो.

ग्रेप 'हँग' झालं. नाही झालं, तुम्ही फाइलचं नाव द्यायला विसरलात. ते तुमच्या टाइप करण्याची वाट बघतंय. कंट्रोल-सी.

कमांडची वाट बघणाऱ्या प्रॉम्प्टच्या जागी नुसतं > येऊन बसलं. अवतरणचिन्ह उघडलंय, बंद केलं नाहीत. पुन्हा कंट्रोल-सी. नावात स्पेस असलेल्या फाइल्सचा त्रासही इथूनच सुरू होतो. टॅब दाबायची सवय लावा, तो स्पेसची काळजी स्वतः घेतो. टॅब न वापरता लांबलचक नावं टाइप करणारा माणूस मेहनती असेल, पण चुकणार.

कंट्रोल-झेड म्हणजे बंद करणं नव्हे. प्रोग्राम झोपतो, मरत नाही. मग 'पोर्ट आधीच वापरात आहे' येतं आणि पोरं मशिन रीस्टार्ट करतात. जॉब्स म्हणा, झोपलेले दिसतील; एफजी म्हणा, जागा होईल; मग कंट्रोल-सी.

वर्डमधून किंवा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरून कमांड उचलणं. वर्ड सरळ अवतरणचिन्हांची वाकडी करतं आणि दोन मायनसचा एक लांब डॅश. दिसायला सुबक, चालायला शून्य. नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट सर्व्हरवर नेली की 'बॅड इंटरप्रिटर' आणि शेवटी ^एम येतं ते वेगळं. विंडोज ओळीच्या शेवटी एक जादा अक्षर ठेवतं, डोळ्यांना न दिसणारं. कॅट मायनस कॅपिटल ए करून पाहा, दिसेल. डॉस-टू-युनिक्स (मधला 'टू' आकड्यात, सगळं सलग) चालवा, जाईल. मुळात न समजलेली ओळ कोणी पाठवली म्हणून चिकटवायची, हे मला पटत नाही, मग पाठवणारा मित्र असो की चॅटबॉट. मॅन, म्हणजे कमांडची माहितीपुस्तिका, उघडा, कमांडमधला प्रत्येक मायनस काय करतो ते वाचा. बाहेर पडायला क्यू.

परमिशन डिनाइड आलं की परवानग्या बदलणारं सीएचमॉड ७७७. हे पाहिलं की माझं डोकं फिरतं. ७७७ म्हणजे मशिनवरच्या कोणालाही वाचायला, लिहायला, चालवायला मोकळीक. आणि त्याने काम होतं असंही नाही. होम फोल्डर ७७७ केलंत तर एसएसएच तुमची की (लॉगिनची किल्ली असलेली फाइल) घेणंच बंद करतं, कारण ज्या फोल्डरमध्ये कोणीही लिहू शकतं तिथल्या कीवर ते विश्वास ठेवत नाही. खासगी कीला ६००, स्क्रिप्टला सीएचमॉड यू+एक्स, बहुतेक वेळा एवढंच पुरतं. रूटच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या सुडोचंही तेच. नडलं की सुडो लावलं, आणि आठवड्याने स्वतःच्याच होममधल्या फाइल्स रूटच्या मालकीच्या निघाल्या. मग त्या उडवायला परत सुडो. आधी एलएस मायनस एल करून मालक कोण ते पाहा.

अडकलेला प्रोग्राम मारायला किल मायनस नऊ पहिल्याच फटक्याला मारू नका. नुसतं किल आधी. प्रोग्रामला आवरासावर करायला वेळ मिळतो.

व्हीआय या एडिटरमधून बदल टाकून देऊन बाहेर कसं पडायचं: एस्केप, मग :क्यू!. बदल ठेवायचे असतील तर :डब्ल्यूक्यू. बास.

शेवटची, खास पुण्यातली. गुरुवार हा आपल्याकडे देखभाल-दुरुस्तीचा वार. पाणीही त्याच दिवशी बंद आणि कित्येक भागांत वीजही. लोक गुरुवारी सकाळी घरून एसएसएचने लांबलचक काम सुरू करतात, वीज जाते, वायफाय जातं, कनेक्शन तुटतं आणि त्याबरोबर चालू कामही मरतं. मग दुपारी मला मेसेज. लॉगिन केल्यावर पहिली कमांड टीमक्स, काम त्याच्या आत सुरू करायचं, कंट्रोल-बी आणि मग नुसतं डी दाबून बाहेर पडायचं. वीज आल्यावर लॉगिन करून 'टीमक्स अटॅच' म्हणा, काम सर्व्हरवर चालूच असतं. टीमक्स नसेल तर स्क्रीन, तेही नसेल तर नोहप. आणि सर्व्हरच घरातल्या टेबलाखाली ठेवला असेल, तर तो प्रश्न इन्व्हर्टरवाल्याला विचारा.