आजोबांचं रिव्हॉल्वर दाखवायला काढण्याआधी

साताऱ्याच्या आसपास फौजी घरं कमी नाहीत. एकट्या अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. अशा घरात आजोबा गेल्यावर ट्रंकेत, गणवेशाच्या घडीखाली रिव्हॉल्वर निघतं आणि कुणीतरी विचारतंच, "याचे किती येतील?" तो प्रश्न शेवटी ठेवा. आधी कागद शोधा.

परवान्याची वही, त्यावरचा यूआयएन (परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक), खरेदीची पावती आणि मृत्यूचा दाखला एका फाइलला लावा. परवानाधारक वारला की हत्यार घरात ठेवायचा हक्क वारसाला आपोआप मिळत नाही. उशीर न करता ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची, मग जिल्हाधिकारी कार्यालयात वारस म्हणून अर्ज करायचा. डब्यातली चार काडतुसंही त्यातच आली. आठवण म्हणून मागे ठेवलीत तर विनापरवाना काडतुसाचाही गुन्हाच होतो. नेण्याआधी ठाण्याला फोन करून कसं आणायचं ते विचारा. शंभर वर्षं झाली की परवाना लागत नाही, हा समज मी कितीतरी ठिकाणी ऐकलाय. सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या हत्याराला.

आणि पुसू नका, हे कळकळीने सांगतो. आमच्या काकांनी पितळी भांडी उजळायच्या पावडरीने आजोबांचं वेब्ली (त्या नावाच्या ब्रिटिश कंपनीचं रिव्हॉल्वर) घासलं. नळीवरचा काळसर निळा थर गेला, शिक्के पुसट झाले, आणि विक्रेत्याने ते हातात घेताच मान हलवली. धूळ कोरड्या मऊ फडक्याने टिपली तरी पुरे.

ओळख पटवायचं काम विक्रेत्याच्या हातून करून घ्या. तुम्ही भिंग, टॉर्च, वही आणि मोबाईल घेऊन जा. तो आधी नळी सुरक्षित दिशेला धरून, चापावर बोट न ठेवता हत्यार रिकामं करेल. वेब्ली असेल तर बाजूचा खटका दाबल्यावर नळी पुढे झुकते आणि काडतुसं एकदम वर उचलली जातात. ही तिची एक खूण. मग फ्रेम आणि सिलिंडर दोन्हींवरचे क्रमांक टिपा. ते जुळले तर भाग मूळचे, नाहीतर कधीतरी बदललेले. मुकुटाखाली बीव्ही, बीपी, एनपी ही अक्षरं दिसली तर ती बंदुका तपासून शिक्का मारणाऱ्या बर्मिंगहॅमच्या चाचणीघराची. वेब्लीचं मार्क सहा हे मॉडेल १९१५ साली सैन्यात आलं, ४५५ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इथे ०.४५५ इंच). एनफिल्ड या ब्रिटिश सरकारी कारखान्याचं क्रमांक दोन हे मॉडेल १९३२ चं, ३८० बोअरचं. घोड्याला, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या भागाला, मागची शेपटी नसेल तर ते १९३८ नंतरचं रूप.

बोअर मात्र नीट, दोनदा विचारा, कारण आपल्याकडे किंमत तिथेच ठरते. ४५५ आणि ३८० हे प्रतिबंधित बोअर. त्यांचा परवाना केंद्राकडून, म्हणून घेणारे मोजकेच. देखणं हत्यारही स्वस्तात जातं. तेच जुन्या ३२ बोअरच्या विलायती रिव्हॉल्वरला चांगले पैसे मिळतात, कारण १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात बंद आहे.

काडतुसांची किंमत करायला जाऊ नका, फक्त ओळखा. तळावर 'केएफ' असेल तर ते आपल्या खडकीच्या कारखान्याचं. ३८० चं काडतूस आखूड, ३८ स्पेशलचं लांब; दोन्हींत '३८' आलं तरी एकाचं दुसऱ्यात चालत नाही. हिरवा गंज चढलेलं, शिसं सैल झालेलं काडतूस उडवून बघायचा विचारही नको, तसंच जमा करा.

विकायचं ठरलंच, तर दोन विक्रेत्यांकडून लेखी अंदाज घ्या, त्यात हत्याराचा क्रमांक लिहून. घेणाऱ्याचा परवाना स्वतः बघा. खासगी व्यवहार असेल तर जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. आजोबांच्या सर्व्हिस बुकाची झेरॉक्स सोबत द्या, मूळ प्रत घरीच ठेवा.